अष्टमीला माझ्या तोंडून कोण बोललं

साखरेचा आजार असूनही ज्या बायकांना नवरात्र सोडवत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बोईसरच्या ज्या डॉक्टरीणबाईंनी मला वाचवलं त्याच म्हणाल्या, "काकी, तुम्ही लिहा. माझं कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील." मी हो म्हटलं आणि जवळजवळ वर्ष घालवलं. लिहायचं काय ते ठाऊक होतं, पण लाज वाटत होती. अजून वाटते. म्हणून मध्येच मी इकडचं तिकडचं सांगत बसले तर सांभाळून घ्या.

माझं नाव सुमन. तारापूरच्या बाजूला समुद्रकाठी आमचं गाव. बोईसरच्या बाजारात मी सुकी मासळी विकते, बोंबील, सुकट, मांदेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा निलेश एमआयडीसीत पाळीवर जातो. त्याची बायको प्रणिता बोईसरला लहान मुलांच्या शाळेत शिकवते. ती माकुणसारची, बागायतदाराच्या घरातली. त्या दोघांनी लग्न आपलं आपण जमवलं आणि मला येऊन सांगितलं. मी हो म्हटलं. तोंडाने म्हटलं.

अंगठ्यातला काटा

माझी साखर सापडली ती अंगठ्यामुळे. बोंबलाच्या टोपलीत हात घालताना अंगठ्यात काटा गेला. आमच्या धंद्यात काट्याचं कोणी कौतुक करत नाही. चुना लावला, चिंधी बांधली, बाजारात जाऊन बसले. पण तो अंगठा बराच होईना. पिकला, सुजला, ठणकायला लागला. शेवटी प्रणिताने शाळेतून रजा काढली आणि मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी अंगठा बघितला आणि रक्त तपासायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "काकी, साखर आहे तुम्हाला. बरीच आहे."

मला कोणी चोरी करताना पकडावं तसं झालं. आम्ही मासळी खाणारी, दिवसभर टोपल्या उचलणारी माणसं. साखर ही गादीवर बसून मिठाई खाणाऱ्यांना होते असं मी जन्मभर म्हणत आले होते. बाजारात एका कापडवाल्याला साखर झाली तेव्हा त्याच्या पोटावरून सगळ्यात जास्त थट्टा मीच केली होती. आता माझ्यावर कोण काय बोलेल याचाच घोर लागला.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी प्रणिताकडून शपथ घेतली, की गावात, बाजारात कोणाला कळता कामा नये. ती म्हणाली, "आई, यात लपवण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय?" तिने शपथ घेतली आणि पाळलीसुद्धा. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

गुळाचा डबा

गोळ्या सुरू झाल्या. चहा बिनसाखरेचा झाला आणि माझं डोकं फिरलं. एका दुपारी तांदळाच्या पिंपामागे उभी राहून मी गुळाचा खडा चोखत होते आणि नेमकी प्रणिता शाळेतून लवकर आली. दुसऱ्या दिवशी घरातून गुळाचा डबा गेला, मग साखरेचा, मग मधाची बाटली. त्या जागी एक बोटभर डबी आली. वरचं बटण दाबलं की टिकलीएवढी पांढरी गोळी पडायची. एक गोळी टाकली की चहा गोड. पहिल्या दिवशी मी दोन कप प्यायले आणि सुनेला म्हटलं, "ही बरी सोय हाय." तिचा चेहरा खुलला. ती आणि निलेशही माझ्यामुळे बिनसाखरेचाच चहा प्यायला लागले होते.

पण स्वभावाला औषध नसतं. शेजारची जनाबाय विहिरीवर भेटली की मी रडगाणं गायचे, "माझ्याच घरात मला गुळाचा खडा मिलत नाय." का मिळत नाही ते सांगायचं नव्हतं, कारण साखर लपवायची होती. तेव्हा ऐकणारीला वाटायचं, सून चिकट आहे, सासूच्या तोंडचं काढते. मला ते कळत होतं. मी त्यात दुरुस्ती केली नाही. चार बायकांत आपली कीव झालेली मला गोड लागत होती.

घट

आमच्या घरी नवरात्रात घट बसतो. सासूने माझ्या हाती दिलेला, तेव्हापासून नऊ दिवसांचा उपवास मी एकदाही मोडला नव्हता. बाळंत झाले त्या वर्षीसुद्धा नाही. नवरात्रात सुक्या मासळीला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे मी घरीच असते.

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, उपवास करू नका, आणि करायचाच असेल तर येऊन विचारा, गोळी कमी करावी लागेल. मी विचारायला गेले नाही. गेले असते तर नको म्हणाल्या असत्या. त्यांचं दुसरं वाक्य मात्र मी बरोबर लक्षात ठेवलं होतं, की गोळी चुकवायची नाही. ती मी सकाळ-संध्याकाळ पुरी घेत होते.

आणि खात काय होते? आधीच्या नवरात्रात साबुदाणा, बटाटा, रताळं खाऊन निभावलं होतं. त्यांनी साखर चढते हे प्रणिताने सांगितलं, म्हणून या वेळी ते बंद केलं. केळं बंद, चिकू तर आमच्या डहाणू पट्टीतला, तो नुसता बघितला तरी साखर चढेल अशी भीती. उरलं काय? कोरा चहा, लिंबाचं सरबत, वरीच्या तांदळाची दोन चमचे खीर. तिन्हींत त्या डबीतल्या गोळ्या. ही गोड गोळी उपवासाला चालते का हे कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण मग साखर बाहेर फुटली असती. मीच ठरवलं, औषध चालतं तर हीपण चालेल. आणि मनाशी म्हटलं, गोड लागतंय ना, म्हणजे अंगात ताकद जातेच आहे.

माझी सगळी चूक या एका वाक्यात आहे. जिभेला गोड लागलं की पोटात साखर गेली असं मी समजत होते. शिकलेली सून घरात होती, तिलाही तसंच वाटत होतं. ती राजगिऱ्याची भाकरी करून ठेवायची, "आई, एवढी खा" म्हणून मागे लागायची. मी खाल्ली म्हणायचे आणि बकरीला घालायचे. घरातल्या साखर मोजायच्या यंत्रावर बोट टोचून बघितलं की आकडा रोज खाली. मला वाटलं, देवीची कृपा. इतकी वर्षं फुकट नाही उपवास केले.

होम

अष्टमीला दुपारी गावदेवीच्या देवळापुढच्या मंडपात होम असतो. सकाळची गोळी घेऊन, सरबत पिऊन मी गेले. यापुढचं मला नीट आठवत नाही. धूर आठवतो, ढोल आठवतो. मानेवरून घाम निथळत होता आणि गुडघे हलत होते. सगळ्यात जास्त आठवतो तो राग. कोणावर ते कळत नव्हतं, पण समोर दिसेल त्याचा राग येत होता. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, साखर एकदम खाली गेली की असंच होतं. थरथर सुटते, घाम फुटतो, माणूस चिडतं, भलतंसलतं बोलतं, आणि वेळेवर साखर मिळाली नाही तर शुद्ध जाते.

आता मंडपातल्या माणसांची बाजू सांगते. माझी सासू गावात देवीचं झाड होती, म्हणजे तिच्या अंगात देवी यायची. त्याच मंडपात, अष्टमीच्याच होमाला. ती गेल्यापासून कोणाच्या अंगात आली नव्हती. त्यामुळे मी थरथरायला लागल्यावर कोणाला शंका घेण्याचं कारणच नव्हतं. कोणीतरी माझे केस सोडले, कोणी मळवट भरला. ढोलवाल्याला जोर चढला. "आली! बाय आली!" म्हणून माणसं पाया पडायला लागली.

त्या सगळ्या गर्दीत एका माणसाने ओळखलं, ते म्हणजे प्रणिता. ती बायकांना बाजूला सारत पुढे आली आणि ओरडली, "अहो, शुगर लो झालीय त्यांची! दोन वर्षं शुगर आहे त्यांना!" माझी शपथ तिने तिथे मोडली, आणि मोडायलाच हवी होती. जनाबाय तिच्या अंगावर गेली, "देवीसमोर शुगर काढतेस? माग हो!"

प्रणिता घरी धावली. घरात साखरेचा कण नव्हता. माझ्याच चोरट्या हातामुळे नव्हता. तिने मोठा पेला भरून लिंबाचं सरबत केलं, डबीतल्या गोळ्या मुठीने टाकल्या आणि धावत आणलं. मी ते घटाघटा प्यायले. लोक म्हणाले, देवीने मान घेतला. मी मात्र होते तशीच राहिले. पेलाभर गोडवा पोटात गेला आणि साखर काहीच नाही. नैवेद्याच्या ताटात वाटीभर साखर समोर ठेवलेली होती. तिला कोणाचा हात लागला नाही.

मग जनाबायने हात जोडून विचारलं, "आई, काय चुकलं आमचं? बोल." आणि मी बोलले.

काय बोलले ते पुढे सांगते. बोलून झाल्यावर मी कोसळले. लोकांना वाटलं देवी गेली, आता ही जागी होईल, म्हणून वारा घालत बसले. निलेश सकाळच्या पाळीवरून सुटून मंडपात आला, त्याने मला उचललं आणि रिक्षात घातलं. माझं डोकं बोईसरपर्यंत प्रणिताच्या मांडीवर होतं.

खाटेवर

शुद्ध आली तेव्हा हाताला सुई होती आणि वर बाटली. प्रणिता उशाशी होती. तिचे डोळे सुजले होते. मी विचारलं, "काय झालां?" ती म्हणाली, "साखर खाली गेली होती, आई. आता बरं आहे." अंगावरची चादर नीट केली, कपाळावरचं कुंकू ओल्या कपड्याने पुसलं. मला आश्चर्य वाटलं, एवढं कुंकू कुठून आलं?

औषधाच्या गोळीचा जोर अंगात उरतो म्हणून घरी सोडलं नाही. रात्रभर सिस्टर येऊन बोट टोचत होती. शेजारच्या खाटेवर एमआयडीसीतल्या कुणा कामगाराची बायको होती, उत्तर प्रदेशची. तिचाही नवरात्राचा उपवास होता. सिस्टरने मला खऱ्या साखरेचा चहा आणून दिला तेव्हा मी कप बाजूला ठेवला. उपवास, त्यात साखर, दोन्ही भीती एकदम. ती बाई कुशीवर वळली आणि म्हणाली, "पी लो चाची. माता रानी माँ है, भूखा देखके खुश थोड़ी होगी." मी तो चहा प्यायले आणि मला रडू आलं. दोन वर्षांनी खरी साखर जिभेला लागली होती आणि ती औषध म्हणून दिली होती.

सकाळी प्रणिता नव्हती, निलेश बसला होता. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी त्याच्यासमोर मला समजावलं, की त्या डबीतल्या गोळीत गोडवा आहे, साखर नाही. रोजच्या चहाला ठीक, पण साखर खाली गेली की तिचा उपयोग शून्य, तेव्हा खरी साखरच हवी. "हे मी काल तुमच्या सुनेलाही सांगितलं. फार रडली ती. तिला वाटतंय, तुम्हाला तिनेच मारलं असतं." निलेश खिडकीबाहेर बघत होता.

मी विचारलं, "ती कुठं हाय?"

"माकुणसारला गेली."

"शाला नाय तिची?"

तो सिस्टरला बोलवायला उठला.

दुपारी जनाबाय भेटायला आली. येताना नारळ आणि खण घेऊन आली, आणि आल्या आल्या तिने खाटेवरच्या माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी चमकले. मग तिने सांगितलं, माझ्या अंगात देवी आली होती, सासूनंतर मीच, सगळा गाव बोलतो आहे.

खरं सांगते, मला बरं वाटलं. जन्मभर टोपली डोक्यावर घेऊन फिरलेली बाई मी, माझ्या पायावर कोणी डोकं ठेवलं नव्हतं. मी जनाबायच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला. आता ते लिहिताना माझे कान गरम होतात.

मग मी विचारलं, "मी काय बोललू?"

"तू नाय गो, आई बोलली." जनाबाय खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "आई बोलली, या घरात परकी पोर आणलीत. तिला मासलीचा वास सोसत नाय. तिने माजी चूल बंद केली, मला उपाशी ठेवली. ही हाय तवर या घरात पालणा हलायचा नाय. घालवा तिला."

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्यासाठी ती दोघं पालघरला कोणा डॉक्टरकडे जातात हे मला ठाऊक होतं, तेही प्रणितानेच विश्वासाने सांगितलं म्हणून. ते मी सगळ्या गावासमोर, मळवट भरून, देवीच्या आवाजात बोलले होते. आणि हे ऐकल्यावरही तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, रात्र उशाशी काढली आणि कुंकू पुसलं.

जनाबाय पेरू कापून देत होती. मी तोंड भिंतीकडे केलं.

कोणी ऐकेना

घरी आले तर ओट्या भरायला बायकांची रांग. मी सगळ्यांना सांगितलं, मला साखर आहे, दोन वर्षं आहे, लपवून ठेवली होती, उपाशीपोटी गोळी घेतली म्हणून ते झालं. जे लपवायला मी एवढा आटापिटा केला होता ते ओटीवर बसून ओरडून सांगत होते आणि कोणी मनावर घेत नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, देवी ज्याला धरते त्याला आधी आजार देते.

मी जनाबायला म्हटलं, "मी माजं बोलणं परत घेतू. प्रणिताची काय चूक नाय."

ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली, "तुजं बोलणं असतं तर तू परत घेतलं असतंस. ते आईचं हाय. तू कोण परत घेणारी?"

आणि आणखी एक लाजेची गोष्ट सांगते. मनात येऊन गेलं, की राहू दे. गावात मान मिळतोय, बायका वाकून बोलतायत, कशाला उगाच उकरायचं? निलेश आणेल समजूत घालून. एवढा विचार करून मी दोन दिवस गप्प बसले. निलेश माझ्याशी बोलत नव्हता. डबा घ्यायचा, पाळीवर जायचा, आला की झोपायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तिला आण रं." तो बूट घालता घालता म्हणाला, "शुगर लो झाली की माणूस काय पण बोलतो, असं डॉक्टर बोलल्या ते मी तिला फोनवर सांगितलंय. पुढचं तू सांग. मी नाय सांगणार."

आता काय खाते

माकुणसारला गेले ते सांगायच्या आधी हे सांगून टाकते, कारण ज्यांच्यासाठी लिहायला बसले त्यांना याचाच उपयोग.

नऊ दिवसांचा उपवास मी सोडला. पहिला आणि शेवटचा धरते, तोही डॉक्टरीणबाईंना विचारून, गोळी त्या सांगतील तेवढी कमी करून. दिवसभर उपाशी राहत नाही. वरी खाते पण सोबत दही, भोपळा, शेंगदाण्याची आमटी घेते, नुसती खीर खात नाही. चिकू अर्धा, तोही जेवणाबरोबर. गूळ, मध, खजूर हे उपवासाचे म्हणून साखरेपेक्षा सोवळे, असं मला वाटायचं. रक्ताला तसं वाटत नाही. गोड गोळी चहात घालते, पण तिला अन्न समजत नाही. आणि हात थरथरले, घाम आला, उगाच कोणाचा राग आला, तर उपवास असो नसो, चार चमचे खरी साखर पाण्यात घालून पिते आणि थोड्या वेळाने खाते. घरच्यांनाही सांगून ठेवलंय, शुद्ध गेलेली असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखान्यात न्या. घरात आता साखरेचा डबा आहे. मला साखर आहे हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. कापडवाल्याने माझी थट्टा केली, मी ऐकून घेतली.

या वर्षी अष्टमीला मी मंडपाच्या पायरीवर बसून सगळ्यांच्या देखत केळं खाल्लं. जनाबायने तोंड फिरवलं. देवी कोणाच्या अंगात येते की नाही हे सांगणारी मी कोण? माझ्या आली नव्हती एवढं मला ठाऊक आहे.

माकुणसार

सफाळ्याला गाडीतून उतरले आणि टमटमने माकुणसारला गेले. वाटेत सगळं घोकून ठेवलं होतं. साखर खाली गेली की मेंदूला काही पोचत नाही, माणूस काय बोलतं त्याचं त्याला कळत नाही, डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे पाठ केले होते. सगळं खरं होतं.

प्रणिताचे वडील अंगणात होते. त्यांनी या बसा म्हटलं, पाणी दिलं. चहा करताना तिच्या आईने आतून विचारलं, "विहीणबाई, साखर चालते का?" साधाच प्रश्न होता, पण मला मान वर करवेना.

प्रणिता मागच्या पडवीत मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मला बघून उठली आणि पायाला हात लावायला वाकली. मी मागे सरकले. म्हटलं, "पाया नको पडू."

ती परत बसली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. आधी तिनेच तोंड उघडलं, "आई, ते सरबत... मला खरंच माहीत नव्हतं. मी घरातली सगळी साखर काढून टाकली, नाहीतर—"

"तुजी चूक नाय," मी म्हटलं. "साखर माज्यामुले गेली घरातून. राजगिऱ्याची भाकरी मी बकरीला घातली. डॉक्टरला विचारायला मी गेलू नाय." आणि मग पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं, मेंदू, साखर, कळत नाही, सगळं.

तिने ऐकून घेतलं. हातातली जुडी बांधून झाली, ती बाजूला ठेवली.

"हे निलेशने सांगितलं मला," ती म्हणाली. "मला दुसरं विचारायचंय. पाळण्याचं जे बोललात, ते साखर नव्हती म्हणून बोललात, की मनात होतं?"

आत कपबशांचा आवाज थांबला होता. तिची आई दाराशी येऊन उभी होती. मला सुटायला वाट होती, डॉक्टरांनी स्वतः दिलेली, आणि ती खोटीही नव्हती. नुसतं 'साखर' म्हटलं असतं तरी ती उठून माझ्याबरोबर आली असती. तशी आहे ती.

"मनात होतं," मी म्हटलं.

तिने मांडीवरची मेथी झटकली. मला वाटलं, आता आत निघून जाईल.

"देवी बोलली असती तर मी परत आले नसते," ती म्हणाली. "देवीशी मी कशी भांडणार? आणि नुसती साखर बोलली असती, तरी मी कोणाशी भांडू? तुम्ही बोललात ना? मग तुमच्याशी भांडता येईल."

तिने पदराला हात पुसले आणि भांडायला सुरुवात केली. तिथेच, तिच्या आईसमोर. लग्नाच्या दिवशी मी वरमाईचा नारळ कोणत्या हाताने घेतला होता, तिथून. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. मध्ये एकदा मी 'हो गो बाय' म्हटलं, तर म्हणाली, "मान हलवू नका, माझं अजून संपलं नाहीये."